जिप्सी हार्डटॉप: सड्यावरच्या वाटांसाठी ड्राइव्हलाइनमध्ये (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतच्या भागांत) काय बदलावं, आणि कोणत्या क्रमाने?

देवगड_बागाईत

नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग, हार्डटॉप, १.३ लिटर एमपीएफआय, पाच गिअरची. टायर मूळ मापाचे, २०५/७० आर १५. पाटे (लीफ स्प्रिंग) आणि एक्सल कंपनीचेच, पुढचे हब (पुढची चाकं एक्सलच्या शाफ्टला जोडणारे-सोडणारे) हवेवर लागणारे.

वापर असा: देवगड तालुक्यात सड्यावरच्या (जांभ्या कातळाच्या माळावरच्या) हापूसच्या बागा. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, जूनमध्ये खत, म्हणजे मागे अडीचशे-तीनशे किलो वजन. वाट अर्धी कातळाची, अर्धी तांबड्या मातीची, मध्ये दोन व्हाळ (ओढे). पाऊस लागला की जांभ्यावर शेवाळ धरतं आणि शेवटच्या चढावर मागचं एक चाक हलकं होऊन जागीच फिरत राहतं. उतरताना लो-फर्स्टमध्येसुद्धा (ट्रान्सफरचा लो आणि पहिला गिअर) गाडी ब्रेकवर धरावी लागते.

डोक्यात चार कामं आहेत. २३५/७५ आर १५ टायर, स्प्रिंग-ओव्हर लिफ्ट (पाटे एक्सलच्या वर घेऊन गाडी उंच करणं), मागचा डिफ लॉक (डिफरन्शियल बांधून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) आणि ट्रान्सफर केसमध्ये (दोन्ही एक्सलना जोर वाटणारी, हाय-लो देणारी पेटी) ४.१६ चं रिडक्शन, म्हणजे आणखी हळू लो. चारही एकदम करायची नाहीत. आधी काय, नंतर काय आणि एका कामामुळे दुसरं काय मोडतं, हे जाणकारांनी सांगावं. आठवड्यातून दोनदा गाडी डांबरी रस्त्याने कणकवलीला जाते, तेही धरून चला.

क्राऊनपिनियन

आधी एक्सल-गिअरबॉक्समध्ये शिरणारं पाणी अडवा. मग हब. मग टायर आणि रिडक्शन एकाच वेळी. डिफ लॉक शेवटी, तोही लागलाच तर. लिफ्ट टायर बसण्यापुरती.

हा क्रम का, ते आकड्यांत सांगतो. पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफरचा लो २.२६८ आणि डिफ ३.९०९ धरला, तर तिन्हींचा गुणाकार सुमारे ३२.४ येतो. म्हणजे इंजिन ३२ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. मूळ टायरचा व्यास ६६८ मिमी, घेर २.१० मीटर. १००० आरपीएमला लो-फर्स्टमध्ये गाडी ताशी ३.९ किमीने जाते, हा माणसाच्या चालण्यापेक्षा थोडा कमी वेग. ओल्या कातळावर उतरायला तो जास्तच आहे, म्हणून ब्रेक लागतो.

आता नुसते २३५/७५ टाकले तर व्यास ७३३ मिमी, घेर २.३० मीटर. जवळजवळ दहा टक्के वाढ. तोच वेग ४.३ वर जातो, ओढ दहा टक्क्यांनी घटते आणि इंजिन ब्रेकिंगही तेवढंच कमी होतं. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारी वाढतात. त्याच टायरवर ४.१६ चा लो बसवला तर गुणाकार ५९.४ आणि वेग २.३ किमी. ब्रेकवरचा पाय निघतो आणि चढावर क्लच घासत बसावं लागत नाही.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये चेन नाही, गिअर आहेत, आणि हायसुद्धा सरळ एकास एक नाही, १.४०९ आहे. रिडक्शन किट बदलताना हायही किटनुसार थोडा खाली येऊ शकतो. मोठ्या टायरला ते सोयीचंच, पण लहान टायर ठेवून किट टाकलं तर कणकवलीच्या रस्त्यावर इंजिन ओरडेल. घेण्याआधी दोन्ही आकडे विचारा, लोचा आणि हायचाही.

कातळसडा

वरच्या क्रमाशी सहमत. पाण्याचं सविस्तर लिहितो, कारण कोकणात डिफ मोडण्यापेक्षा डिफ गंजून गेलेले जास्त दिसतात.

डांबरावरून आलेला डिफ गरम असतो. आतली हवा तापून फुगलेली असते. तो व्हाळाच्या थंड पाण्यात बुडाला की हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) चिखलाने बंद असेल तर ते ऑइल सीलच्या ओठातून येतं, उघडा असेल तर थेट ब्रीदरमधून. सील नवं असलं तरी हे होतं, कारण सीलची रचना आतलं तेल बाहेर जाऊ नये यासाठी असते.

उपाय स्वस्त आहे. पुढचा एक्सल, मागचा एक्सल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स, चारही ठिकाणचे ब्रीदर काढून तिथे नळीचं निप्पल बसवा. आतून ६ मिमीची, तेलाला टिकणारी फ्युएल होज घ्या, आठ-नऊ मीटर पुरते. चारही नळ्या इंजिनखोलीत फायरवॉलच्या वरच्या कडेला आणा, तिथे एकत्र जोडून टोकाला पेट्रोलचा छोटा प्लास्टिक फिल्टर लावा. एक्सलवरून चॅसिसवर जाताना नळीला वीतभर ढील ठेवा, नाहीतर चाक लोंबकळलं की निप्पल उपटून येतं. नळी सतत चढती हवी. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं आणि सगळं काम फुकट. सायलेन्सरपासून चार बोटं लांब.

तपासणी: पाण्यातून आल्यावर गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सुरू करण्याआधी ड्रेन प्लग अगदी थोडा सैल करा. पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि आधी तेच येतं. थेंबभर पाणी आलं तर तेल बदलायचं. ताकासारखं पांढुरकं तेल आलं तर पाणी आधीच घुसळलं गेलंय. मग स्वस्त तेल भरून दोन-तीन किलोमीटर चालवा, काढा आणि नवं भरा. पुढच्या डिफमध्ये २ लिटर, मागच्यात दीड, ट्रान्सफर केसमध्ये सुमारे ८०० मिली. मापापेक्षा फिलर प्लगवर विश्वास ठेवा: गाडी सपाटीवर, तेल प्लगच्या खालच्या कडेला आलं की थांबा.

आणि पाण्यात असताना क्लच दाबू नका. प्लेट सुटी झाली की बेल हाउसिंगमध्ये शिरलेलं पाणी मधे जातं. ओला क्लच घसरतो आणि गाडी तशीच चार दिवस उभी राहिली तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटते.

वेंगुर्ला_किनारा

तुमचा म्हणणा बरोबर आसा, पण खाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा. गोडं पाणी गेलं तर आठवडाभराने तेल बदलून चालून जाईल. खारं गेलं तर त्याच दिवशी. मीठ बेअरिंगच्या रोलरवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. नंतर तेल कितीही चांगलं घाला, खड्डा भरत नाही. महिन्याभरात ४०-५० च्या वेगाला घोंघावणं सुरू होतं.

ग्रीस: हब, व्हील बेअरिंग आणि यूजे क्रॉस (शाफ्ट जोडणारे वळते सांधे) यांना कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस, एनएलजीआय २ (घट्टपणाचा दर्जा) चं. साधं लिथियम ग्रीस पाण्याने धुऊन जातं. एक पथ्य पाळा, दोन जातींचं ग्रीस मिसळू नका. जुनं रॉकेलने धुऊन, पुसून, पूर्ण वाळल्यावर नवं भरा. यूजे क्रॉसला गन लावल्यावर चारही कपांतून ग्रीस डोकावलं पाहिजे. एका कपातून येत नसेल तर ती वाट बंद आहे आणि तो क्रॉस पहिला जाणार.

किनाऱ्यावरून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर पंपाचं नोझल सीलवर आणि ब्रीदरवर धरू नका. त्याच दाबाने पाणी आत घालाल.

पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) गाडी घालण्याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे: घालू नये. वेळास, आंजर्ले आणि इतर कितीतरी किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालतात. चाकाखाली वाळू दाबली गेली की घरटं जातं, आणि चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. होडी ओढायला म्हणून जायची वेळ आलीच तर गावकऱ्यांची ठरलेली वाट धरा.

देवगड_बागाईत

ब्रीदरचं काम याच आठवड्यात घेतो. दोन शंका. एक, डिफचा रेशो ३.९०९ च आहे हे गाडी न खोलता कसं कळेल? दोन, हवेवरचे हब ठेवावेत की बदलावेत?

क्राऊनपिनियन

रेशो मोजणं सोपं आहे. मागची दोन्ही चाकं उचलून एक्सल स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना ओंडके लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलरवर (डिफला जोर पोचवणारा शाफ्ट) आणि एका टायरवर खडूची खूण करा. दुसरं चाक कोणीतरी घट्ट धरायचं. खुणेचं चाक २० वेळा फिरवा आणि प्रोपेलरचे फेरे मोजा. ३९ आणि वर थोडंसं आले तर ३.९०९. ४१ आले तर ४.१ चा गट. वीस फेरे यासाठी की दोन-चार फेऱ्यांत ३.९ आणि ४.१ मधला फरक डोळ्याला कळत नाही.

हेच पुढच्या एक्सललाही करा, हब लॉक करून आणि ट्रान्सफर टू-व्हीलमध्ये ठेवून. ही तपासणी टाळू नका. लष्कराच्या लिलावातल्या आणि भंगारातल्या गाड्यांचे एक्सल पुष्कळ फिरतात. एखाद्या मालकाने फक्त मागचा एक्सल बदललेला असतो. पुढचा-मागचा रेशो वेगळा असला तर फोर-व्हील टाकल्याबरोबर दोन प्रोपेलर एकमेकांशी भांडतात. चिखलात चाक घसरून ते निभावतं. कोरड्या कातळावर निभावत नाही. ट्रान्सफर केस, क्रॉस किंवा पुढचा जॉइंट, यातलं जे सगळ्यात अशक्त असेल ते तुटतं.

खाजणकाठ

हबबद्दल. हवेवरचे हब नळी, सील आणि हवा सोडणारा भाग या तिन्हींवर अवलंबून. सड्यावरच्या झुडपात नळी ओरबाडली जाते, खाऱ्या हवेत आतली लॉकिंग रिंग गंजून जागेवर धरते. हाताने फिरवायचे हब बसवा. सहा बोल्ट, गॅस्केट, अर्ध्या दिवसाचं काम. घेताना शाफ्टच्या टोकाच्या स्प्लाइनची (उभ्या खाचांची) संख्या मोजून न्या, फोटोवरून घेऊ नका. आतल्या दातांना ग्रीसचा हात पातळ ठेवा. थापून भरलं तर थंडीत हब अर्धाच लागतो आणि अर्ध्या लागलेल्या दातांवर जोर आला की कडा झिजतात.

लागलेत की नाही याची परीक्षा: मागच्या चाकांना ओंडके, इंजिन बंद, पहिला गिअर, ट्रान्सफर फोर-हाय, दोन्ही हब लॉक. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. फिरता कामा नये. अगदी हलकं फिरलं तर त्याच चाकाचा हब लागलेला नाही. जड, गिअरचा ओढा लागून फिरलं तर समोरच्या बाजूचा लागलेला नाही. मग दुसऱ्या चाकाला हेच करा.

पावसाळ्याआधी हे करून ठेवा. आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा हब लॉक करून मातीच्या वाटेवर चार-पाच किलोमीटर चालवा, म्हणजे पुढच्या डिफचं तेल वरच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. डांबरावर नको, जिप्सीला मधला डिफ नाही.

पुढच्या नकलचं (चाक वळवणाऱ्या सांध्याचं) कोणी लिहिलं नाही म्हणून जोडतो. स्टिअरिंग नकलच्या मागे जो गोल चेंडू दिसतो त्यावर फेल्ट आणि रबराचं पुसणारं सील असतं. फेल्ट चिखलाने खरखरीत झालं की चेंडूवर ओरखडे पडतात आणि मग नवं सीलही टिकत नाही. चेंडू पुसून दोन दिवसांनी बघा. पातळ तेल पाझरलं असेल तर आतलं एक्सल सील गेलंय आणि डिफचं तेल नकलमध्ये उतरतंय. पांढरट ग्रीस आलं असेल तर बाहेरचं सील पाणी आत घेतंय. दोन्हींचा खर्च आणि मेहनत वेगळी, म्हणून आधी निदान. नकल खोललाच तर किंगपिन बेअरिंग (नकल ज्यावर वळतो ती) बदला आणि शिम (पातळ चकत्या) लावून ताण जमवा. बाहेरचं सील न लावता, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं, सुमारे १ ते १.८ किलोला नकल हलू लागला पाहिजे. यापेक्षा ढिला असेल तर मोठ्या टायरवर ६० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच व्हील बॅलन्सिंग करत बसतात.

घाटपायथा

लिफ्टबद्दल माझं मत वेगळं आहे. स्प्रिंग-ओव्हर केलं की पाच इंच मिळतात, पाटे तेच, खर्च कमी, चाकांची खाली-वर हालचाल चांगली. चाक उचललं जाण्याचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. उगाच पाटे वाढवून गाडी कडक का करायची? कडक पाट्याने तर चाक अजून उचललं जाईल.

लेथवरचा

हालचालीचा मुद्दा खरा आहे. पण त्या पाच इंचांची किंमत बाकीच्या ड्राइव्हलाइनला मोजावी लागते, ती मांडतो.

स्प्रिंग-ओव्हरमध्ये पाटा एक्सलच्या खालून वर जातो. त्यासाठी एक्सलच्या नळीवर नवी सीट वेल्ड करावी लागते. सीटचा कोन म्हणजेच पिनियनचा (प्रोपेलर जोडला जातो त्या डिफच्या गिअरचा) कोन. साधे दोन क्रॉस असलेल्या प्रोपेलरला ट्रान्सफरची फ्लँज आणि पिनियनची फ्लँज एकमेकींना समांतर लागतात, एका अंशाच्या आत. मोबाइलवरचं लेव्हल ॲप दोन्हींवर टेकवून मोजता येतं. गाडी चाकांवर उभी करून, नेहमीचं वजन मागे ठेवून मोजा, सीटला टाके मारा, परत मोजा, मगच पूर्ण वेल्ड. पुढे तेवढीही मोकळीक नाही. पुढचा पिनियन वर फिरवला की कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा तिरकेपणा) बिघडतो आणि गाडी सरळ रेषा सोडते.

वेल्ड करताना एक्सल शाफ्ट आणि सील बाहेर काढलेले हवेत. एका जागी सलग ओढला तर नळी केळ्यासारखी वाकते. इंचभर या बाजूला, इंचभर त्या बाजूला, मध्ये हात लावता येईल इतकं निवू द्यायचं, पाणी मारायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह आणि ईसीयूचं (इंजिनच्या संगणकाचं) कनेक्टर काढून ठेवा.

एवढं नीट केलं तरी तीन गोष्टी उरतात. पाटा एक्सलच्या वर गेल्याने जोर लागला की एक्सल पिळवटतो, पिनियनचं नाक वर उचलतं आणि क्रॉस तुटतो. त्यावर टॉर्क आर्म (एक्सलला पिळवटू न देणारा दांडा) लागतो. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा दांडा) तिरकी होते, खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग आपोआप ओढतं. ब्रेकच्या रबरी नळ्या लांब कराव्या लागतात. आणि चौथी, यांच्यासाठी सगळ्यात मोठी: पेट्यांचं वजन पाच इंच वर जातं. कातळाच्या आडव्या उतारावर ते मला पटत नाही.

यांना मोजून काय हवंय? डिफच्या पोटाखाली जागा. ती लिफ्टने एक मिलिमीटरही वाढत नाही, फक्त टायरने वाढते. २३५/७५ ने ३३ मिमी, २१५/७५ ने १८ मिमी. लिफ्ट फक्त बॉडी उचलते.

घाटपायथा

वजनाचा आणि आडव्या उताराचा मुद्दा मान्य. रिकामी गाडी चालवणाऱ्याचा सल्ला पेट्या वाहणाऱ्याला लागू पडत नाही. मग बागाईतांसाठी दीड-दोन इंच, मागे एक पाटा वाढवून. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी पट्टी) लावायच्या मोहात मात्र पडू नका. शॅकल ५० मिमी लांब केलं तर गाडी २५ मिमीच उचलते, आणि पुढे तेवढ्यात कॅस्टर जातो.

दोन इंचांवर मूळ प्रोपेलर चालतो, पण एकदा खात्री करा. चॅसिस उचलून मागची चाकं पूर्ण लोंबकळू द्या. स्लिप योक (प्रोपेलरचा आत-बाहेर सरकणारा भाग) किती बाहेर आला ते बघा. स्प्लाइन एकमेकांत किमान इंचभर राहिल्या पाहिजेत. नसतील तर फ्लँजमध्ये स्पेसर टाका किंवा लेथवर नळी लांब करून बॅलन्स करून घ्या. बॅलन्स न केलेला प्रोपेलर ट्रान्सफरच्या मागच्या सीलचा जीव घेतो. योकवर रबरी बूट चढवा, तांबडी माती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते.

कातळसडा

टायरबद्दल: या कामाला २१५/७५ आर १५ घ्या. तांबड्या मातीचा वरचा थर निसरडा आणि खाली कातळ टणक. अरुंद टायर चिखल कापून खालच्या कातळावर टेकतो, रुंद टायर वरच तरंगतो. घेर ५ टक्क्यांनीच वाढतो, म्हणजे पुढच्या जॉइंटवर आणि व्हील बेअरिंगवर ताण कमी, आणि बंपर-मडगार्ड कापावं लागत नाही. हवा कातळावर २० ते २२ पीएसआय. त्याहून उतरवली तर जांभ्याची धार टायरची बाजू चिरते. डांबरावर येताच २६-२८ भरा.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणून टायर बदलल्यावर काटा कमी दाखवेल. २१५/७५ ला काट्यावर ६० म्हणजे खरे ६३.

क्राऊनपिनियन

आता डिफ लॉक. बागाईत, रिडक्शन बसवून एक पावसाळा काढा, मग ठरवा. तुमचं चाक फिरतं त्यातलं निम्मं कारण वेग आहे. चाक जोरात फिरतं, शेवाळ सोलतं आणि पकड संपते. चालण्याच्याही निम्म्या वेगाने चढलात तर तेच चाक पुष्कळदा धरून राहतं. त्यात डाव्या पायाने ब्रेक हलका दाबलात की फिरणाऱ्या चाकावर अडथळा येतो आणि दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. उघड्या डिफला एवढं करता येतं.

तरी लागलाच, तर मागच्या एक्सलला. डिफ वेल्ड करण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो, ऐकू नका. तुमची गाडी डांबरावर जाते. दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरली की प्रत्येक वळणावर एक टायर घासतो आणि शाफ्ट पिळला जातो. फोंडा घाटाच्या ओल्या वळणावर अशी गाडी वळायचं सोडून सरळ निघते. आपोआप लागणारा लॉकर बरा, पण त्यालाही वळणावर ॲक्सिलरेटर सोडून द्यायची सवय लागते, आणि जिप्सीसारख्या आखूड गाडीत तो लागल्या-सुटल्याचा झटका जाणवतो. हवेवरचा लॉकर सगळ्यात चांगला, हवा तेव्हाच लागतो. खर्चही सगळ्यात जास्त.

कुठलाही लॉकर बसवताना क्राऊन-पिनियन (डिफचे दोन मुख्य गिअर) परत जमवावा लागू शकतो. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर चार ठिकाणी घ्या, पुस्तकातल्या मर्यादेत हवा आणि चारही आकड्यांतला फरक ०.०५ मिमीच्या आत. दातांना शेंदूर तेलात कालवून लावा आणि ठसा बघा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. टोकाकडे गेला असेल तर आवाज, मुळाकडे गेला असेल तर दात खाणार. लॉकर बदलला आणि जुन्याच शिम जशाच्या तशा घातल्या, तर हजार किलोमीटरांत घोंघावणारा डिफ घेऊन परत याल.

पुढच्या एक्सलला लॉकर या गाडीत घालू नका. पुढचा जॉइंट स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना जोर दिला की तुटतो, लॉकर असला की हमखास.

एमएच०८_हिशेबी

कागदाचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ बनावटीशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. हब, ब्रीदर आणि सील यांनी हा प्रश्न येत नाही. टायरचं माप आणि उंची बदलण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणात गाडी खालून बघतात.

देवगड_बागाईत

ठरलं ते असं: ब्रीदर, हाताचे हब आणि नकलची सीलं मेच्या आत. पेट्यांचा हंगाम संपला की २१५/७५ टायर, मागे एक पाटा, आणि ४.१६ चं किट. लॉकर पुढच्या वर्षीचा विषय. किट बसवण्याचं काम इथल्याच मेकॅनिककडून करून घ्यायचं आहे, त्याने जिप्सीची ट्रान्सफर केस खोलली आहे पण रिडक्शन बसवलेलं नाही. त्याला काय सांगून ठेवू?

लेथवरचा

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, मधे आखूड प्रोपेलर आहे, त्यामुळे गिअरबॉक्स न उतरवता काम होतं. तेल काढा. तिन्ही प्रोपेलरच्या फ्लँजवर खुणा करा, म्हणजे परत त्याच जागी बसतील. स्पीडोची केबल, फोर-व्हीलच्या स्विचची वायर आणि लिव्हर सोडवा. खाली जॅक, मग तीन रबरी माउंट. केस एका माणसाला उचलता येते, पण झोपून छातीवर घेऊ नका.

माउंटची रबरं याच वेळी नवी घाला, जुनी चांगली दिसली तरी. हिशेब बघा. इंजिनचा टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरनंतर ३७६. जुन्या लोमधून तो ८५३ होऊन बाहेर पडायचा, ४.१६ मधून १५६५. ही सगळी पिळवटणी तीन रबरं धरतात. एक फाटलं की केस तिरकी होते, आखूड प्रोपेलरचा कोन बिघडतो आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की खालून ठक्क असा आवाज येतो. लोक तो आवाज डिफचा समजतात. म्हणून लो-फर्स्टमध्ये धक्क्याने क्लच सोडणं आता कायमचं बंद.

केस उघडताना शिफ्टच्या रॉडखालून स्प्रिंग आणि छर्रे उडतात, आणि दोन रॉडच्या मध्ये एक छोटी पिन असते. ती पिन विसरली की हाय-लो आणि टू-व्हील-फोर-व्हीलचे फॉर्क एकमेकांत अडकतात. उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो, आणि ताटात कपडा पसरून त्यावर भाग ओळीने. मोठ्या गिअरला जागा करायला केस आतून थोडी घासावी लागू शकते. आधी कोरडी जुळणी करा: गिअर बसवा, हाताने पूर्ण फिरवा, कुठे टेकतं तिथे खूण, तेवढंच घासा. घासल्यावर केस डिझेलने दोनदा धुवा आणि चुंबक फिरवा, पण केस ॲल्युमिनियमची असते, तिचा कीस चुंबकाला लागत नाही. तो ब्रश आणि हवेनेच निघतो.

बेअरिंग आणि सीलं सगळी नवी. गिअरच्या पैशापुढे ती किरकोळ आहेत, आणि जुन्या बेअरिंगवर नवे गिअर म्हणजे दात वाकडे घासणार. ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० चं जीएल-४ गिअर ऑइल भरा. पहिले ५०० किलोमीटर जड ओझं नको, मग तेल बदला. त्या तेलात चांदीसारखी बारीक चमक असेल तर ठीक. नखाने उचलता येईल असा तुकडा सापडला तर केस परत उतरवायची.

आणि काउंटर शाफ्टची ओ-रिंग दोन आणून ठेवायला सांगा. शाफ्ट आत सरकवताना भोकाच्या कडेला लागून पहिली बहुतेक वेळा कापली जाते. तेल लावून, हलकं फिरवत घालायची. कापलेली बसवली तर गाडी सुरू केल्यावर तासाभरात माउंटच्या रबरावर तेलाचा थेंब दिसेल आणि केस पुन्हा खाली घ्यावी लागेल.